नसरीननं शिंपडलेलं पाणी

नसरीन गेल्याचं तिच्या मुलीनं फोनवर सांगितलं, त्याला आता पाच आठवडे झाले. फोन ठेवून मी आधी रडले आणि मग, सांगायला लाज वाटते, हसू लागले… मला आठवली ती हातात तांब्या घेऊन प्रयोगशाळेत फिरणारी नसरीन.

अकोल्यात बी.एस्सी.ला आम्ही एका बाकावर बसायचो. दोन वर्षं कपाशी हातची गेली होती, गावोगावची लग्नं लांबली होती आणि लग्नंच नाहीत म्हटल्यावर बार्शीटाकळीत तिच्या अब्बांकडून गाद्या कोण भरून घेणार? त्यातच भौतिकशास्त्राच्या सरांनी आम्हा दोघींना उन्हाळ्याच्या सुटीत संशोधनाला घेतलं. अब्बांनी बजावलं होतं, सरांनी काम नावाजलं तर एम.एस्सी., नाही तर सरळ घरी. माझं काही अडलं नव्हतं. तिचं सगळं त्या दीड महिन्यावर होतं.

काम साधं होतं. काचेच्या बरणीत सोन्याच्या वर्खाची दोन पानं, विजेचा भार दिला की फाकणारी. त्यांना सुती दोरा जोडायचा आणि त्यातून भार गळून पानं मिटायला किती वेळ लागतो ते मोजायचं. सकाळी पानं तासन्‌तास फाकलेली, दुपारी मात्र भराभर मिटायची. उष्णतेनं भार लवकर गळतो, असा झकास निष्कर्ष आम्ही लिहून टाकला. सरही चक्रावले, पण आलेख होता देखणा!

अहवाल द्यायला पंधरा दिवस उरले असताना नळाला पाणी आलं नाही. त्या दुपारी पानं मिटेनातच. नसरीननं कपाळावर हात मारला. मे महिन्यात घरी करायची तसं ती रोज दुपारी फरशीवर पाणी शिंपडत होती, आणि त्या ओलाव्यानं भार गळत होता.

"कोनाले सांगू नोको," मी म्हटलं. "आजचं रीडिंग खोडून टाक."

"काहून? आजचंच तं खरं आलं!"

ती तडक सरांकडे गेली. मी दाराबाहेर उभी राहून ऐकत होते. सर खो खो हसले. "आता तुमचं संशोधन सुरू झालं. बादली आणा, पाणी मोजून शिंपडा!"

तो नवा अहवाल सरांनी अब्बांना बोलावून वाचून दाखवला. अब्बा म्हणाले, "कोरडा कापूस पिंजताना अंगाले चिकटते, हवेत ओल असली का नाही चिकटत. हे तं मले दुकानातच मालूम होतं."

"मंग सांगतलं काहून नाही, अब्बा?" नसरीन उसळली.

"तू इचारलं कुठं?" म्हणाले, आणि एम.एस्सी.ला होकार देऊनच उठले.

पुढे ती अमरावतीला प्राध्यापक झाली. परवा तिच्या प्रयोगशाळेत गेले होते. तिच्या नियमाप्रमाणे विद्यार्थ्यांच्या प्रत्येक वहीत निष्कर्षाखाली 'माझी चूक' असा एक रकाना असतो. ती गेल्यानंतरच्या आठवड्यातली एक वही मी उघडली. त्या रकान्यात कुण्या मुलीनं लिहिलं होतं, 'पहिली तीन रीडिंग मैत्रिणीची उतरवली होती. मॅडम आता तपासणार नाहीत. तरी पुन्हा घेतली.'