ठिपके एक, पाच

मंगळवारी संध्याकाळी, जेवणाच्या आधी, आईच्या इन्सुलिन पेनवरच्या नव्या ब्रेल लेबलवर माझ्या बोटाला नऊ लागला. मी पेनाचं चाक नऊपर्यंत फिरवलं. मग मोबाईलने त्या लेबलबद्दलचा मेसेज वाचून दाखवला. त्यात पाच होता.

मला दिसत नाही. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करते आणि आईबरोबर ठाकुर्लीत राहते. संध्याकाळचं इंजेक्शन मी देते. चाक एका युनिटला एकदा खट्ट वाजतं, ते मोजून. सोमवारपर्यंत डोस सात होता. मंगळवारी ताई आईला कल्याणला डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि डोस बदलला. ताईने घरी येऊन लेबल टोचलं, पेनवर चिकटवलं आणि डॉक्टरांची फाईल आपल्याच पिशवीत घेऊन ती घोडबंदर रोडला आपल्या घरी निघाली. मी तेव्हा ऑफिसात होते.

"आई, डॉक्टरांनी वाढवलं की कमी केलं?"

"मला काय माहीत? ते ताईशीच बोलत होते. मी आपली पंख्याखाली बसलेले."

ताईचा मेसेज असा होता : ‘आईच्या पेनवर हे लावलंय.’ पुढे एकच ब्रेल चिन्ह. फोन म्हणाला, "ठिपके एक, पाच."

ब्रेलचं एक घर म्हणजे सहा ठिपके : डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन, उजवीकडे चार, पाच, सहा. डिजिटल मजकुरात अशा प्रत्येक घराला स्वतःचा कोड असतो. कोणते ठिपके उठलेले आहेत, एवढंच त्यात नोंदलेलं असतं. अर्थ नोंदलेला नसतो. एक आणि पाच हे ठिपके म्हणजे ‘ए’, आणि पाच हा आकडाही. आकडा असेल तर आधी अंकचिन्ह देतात. पेनवर जागा नसते म्हणून आमच्या घरी ते गाळतात. लेबलवर माझ्या बोटाला लागत होते ते ठिपके दोन आणि चार. म्हणजे नऊ.

ताईला फोन लावला. बंद होता. पुन्हा लावला. बंद.

मागच्या महिन्यात आईची साखर एकदा खाली गेली होती. तिचा हात घामाने निथळत होता. पाण्याचा पेला तिला तोंडापर्यंत नेता येत नव्हता आणि मी कोण, हे ती मलाच विचारत होती. मंगळवारी सकाळी मात्र तिची साखर चढलेली होती. वाढवणं आणि कमी करणं, दोन्ही शक्य होतं.

"भात गार झाला," आई म्हणाली. "तुमच्या ऑफिसात बातमी पण अशीच गार करून वाढतात का?"

"थांब गं."

"टोच की. नऊ तर नऊ."

मी लेबलावरून पुन्हा बोट फिरवलं. ब्रेलच्या पाटीवर मागच्या बाजूने, उजवीकडून डावीकडे टोचतात आणि पट्टी उलटून वाचतात. ताईने एक-पाच स्क्रीनवर दिसतात तसेच टोचले असतील, तर उलटल्यावर ते दोन-चार होतात. मेसेजमधला कोड असा उलटत नाही. पण हा अंदाज होता. मेसेजमधलं चिन्हच चुकलेलं असू शकत होतं. पेन मी टेबलावर ठेवला आणि आईचा हात धरून बसले. तो कोरडा होता.

फोन वाजला.

"अगं, ट्रॅफिकमध्ये बॅटरी गेली," ताई म्हणाली. "आत्ता घरात आलेय. काय झालं?"

"डोस किती?"

"पाच. लेबल लावलंय की!"

"कसं टोचलंस?"

"स्क्रीनवर बघून. अगदी तस्संच. का गं?"

"फाईल काढ. वाचून सांग."

पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला, मग कागदांचा.

"संध्याकाळी जेवणाआधी, पाच युनिट. आकड्यात पण आहे, अक्षरात पण."

पेनाचं चाक अजून नऊवर होतं. मी ते मागे फिरवलं. चार वेळा खट्ट झालं.