इराचा एकमेव खाडा

शैलामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा माझी सहावीतली लेक इरा दप्तर अडकवून दारात उभी होती. पहिलीपासून तिचा एकही खाडा नाही. "आज मी नाही जाणार," म्हणाली आणि दप्तर खाली ठेवलं.

मावशी इथे जपानात, ग्योतोकुत, आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. नवऱ्याबरोबर तरुणपणीच पुण्याहून इथे आलेल्या. आम्हा नव्या आयांना जपानी कुठलं यायला! पालकसभेला दुभाषी त्याच. शाळेत आत घालायच्या चपला घरून न्याव्या लागतात. सगळ्याजणींच्या मऊ, आवाज न करणाऱ्या, मावशींच्या कोल्हापुरी! खास शाळेसाठी ठेवलेल्या, रस्त्याला कधी न लागलेल्या. त्या करकर करत निघाल्या की अख्खी सभा वळून बघायची. "मावशी, जरा हळू..." "का गं? स्वच्छ हव्यात म्हणाले, मुक्या हव्यात कुठं म्हणाले?"

शाळेवर जीव होता त्यांचा, हेही सांगते. मुलं स्वतः वर्ग झाडतात, एकमेकांना जेवण वाढतात, याचं कोण कौतुक! लेकरू फरशी पुसतंय म्हणून नाक मुरडणाऱ्या आमच्यातल्या एकीला त्यांनी चांगलंच फैलावर घेतलं होतं. पण पूर्ण हजेरीच्या बक्षिसापायी कुणी तापातलं पोर शाळेत धाडलं की उसळायच्या. "बक्षीस पोराला देणार की तापाला?"

तर मी सरांना फोन लावला. घरचं माणूस गेलं तर ती रजा खाडा धरत नाहीत. "नातं काय?" सरांनी अदबीनं विचारलं. म्हटलं, मावशी. "म्हणजे तुमची बहीण?" नाही... खालच्या मजल्यावरच्या. "मग नियमाप्रमाणे..." बिचारे अवघडले. इरानं माझ्या हातातून फोन घेतला आणि जपानीत म्हणाली, "त्या आमच्या घरच्याच आहेत. तुम्ही खुशाल खाडा मांडा." मला रडूच कोसळलं.

परवा शाळेचा निरोपसमारंभ झाला; इथली प्राथमिक शाळा सहावीला संपते. मुलांनी समोर बघत ताठ बसायचं, मान वळवायची नाही, याची कितीतरी दिवस तालीम चाललेली. पूर्ण हजेरीवाल्यांची नावं पुकारली, इराचं नव्हतं. नसू दे! मावशींना परकं म्हणून मिळणारं बक्षीस आम्हाला नकोच होतं.

मग पालकांना पुढे बोलावलं. मावशींच्या यजमानांनी त्या कोल्हापुरी मला दिल्यात. एक नंबर मोठ्या होतात. त्याच घालून मी निघाले, करकर करकर, सगळ्या रांगा ओलांडून.

मुलांच्या रांगेत एकच मान वळली. इरा माझ्या पायांकडे बघून खुदकन हसली.