आवडाबाईंची सुई

आवडाबाई सुई उकळण्याआधी कापसावरून ओढून पाहत. एक तंतू जरी अडकला, तरी ती सुई पुन्हा बारीक दगडावर घासायला जाई. पन्नास-साठच्या त्या काळात त्याच त्या सुया उकळून पोरांच्या हातांत खुपसल्या जात. टोके बोथट होत, आणि त्याची लाज वाटणारी दवाखान्यात ही एकटी नर्स होती.

मालवणजवळच्या एका खाडीकाठच्या शाळेत मी मुख्याध्यापक होतो. जत्रेआधी पटकीची लस टोचायला डॉक्टर येत, तेव्हा आमची तयारी काय? शिपायाने दाराला कडी घालायची आणि मास्तरांनी पोरांचे हातपाय धरायचे. वर 'काही दुखत नाही' असे बेधडक खोटे बोलायचे. याला आम्ही शिस्त म्हणत होतो! आज आठवले तरी अंगाचा तिळपापड होतो.

आवडाबाई डॉक्टरांबरोबर पहिल्यांदा आल्या, त्याच वर्षी त्यांनी कडी काढायला लावली. मला म्हणाल्या, "खोटा सांगान एकदा टोचशात, गुरुजी. फुडल्या खेपेक काय सांगशात?"

दुसरीतल्या शालीला आदल्या वर्षी आम्ही चौघांनी दाबून धरले होते. सुई दिसताच ती थरथरू लागली. बाईंनी तिच्या आईला बोलावून घेतले, शालीला तिच्या मांडीवर बसवले आणि सांगितले, "दुखतला गो, पण थोडा. तू 'आता' म्हण, मगेच टोचतंय."

आणि बाई खरोखरच थांबल्या. डॉक्टर घड्याळ पाहत होते, त्यांची होडी सुटायची होती. बऱ्याच वेळाने शालीने स्वतः हात पुढे केला आणि 'आता' म्हणाली. रडली, पण पळाली नाही.

होडी चुकल्याचा राग डॉक्टरांनी कागदावर काढला. नर्स कामात दिरंगाई करते, असा अहवाल. खाली साक्षीला मुख्याध्यापकाची सही हवी होती. साहेबाला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

बाईंची बदली पार घाटाच्या पायथ्याशी झाली. निघताना त्या शाळेत आल्या. सही कोणाची, हे त्यांना ठाऊक होते. एवढेच म्हणाल्या, "शालीक धरू नकात, गुरुजी. ता आपणच हात फुडे करता."

पुढच्या वर्षी डॉक्टर नवी नर्स घेऊन आले. शाली रांगेत शांत उभी होती. तिची पाळी आली, तशी ती म्हणाली, "जरा थांबा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी तिचे दोन्ही हात धरले.