सपाट बुडाच्या फुलदाण्या

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, चाळीस वर्षं लोकांच्या घरी फरशी बसवत होते. काम सोडल्यावर माणूस आराम करतो. यांनी फुलदाण्या जमवल्या. त्याही साध्यासुध्या नव्हेत. साठ-सत्तर वर्षांपूर्वी एका कुंभारणीने हाताने घडवलेल्या, निळ्या-हिरव्या झिलईच्या, निव्वळ शोभेच्या. जुन्या बाजारातून एकेक करत त्रेसष्ट आणल्या. बैठकीची खोली भरली, तेव्हा ताईचं कपाट रिकामं झालं आणि तिचे कपडे पलंगाखाली गेले. फूल मात्र त्यातल्या एकीनेही कधी पाहिलं नाही.

"पुस्तकं वाचून भांडं कळत नाही, त्याला हात लागतो," हे ते पाहुण्यांना चहा पार थंड होईपर्यंत ऐकवत.

त्यांचं स्वप्न एकच. वस्तुसंग्रहालयात एक कपाट आणि त्यावर आपलं नाव. जन्मभर लोक त्यांच्या फरशीवरून चालले, पण ती कोणी बसवली हे कुणी विचारलं नाही. ही सल खरी होती, उगाच कशाला नाकारू.

अर्ज गेला, आणि संग्रहालयाच्या बाई घरी आल्या. त्यांनी पहिली फुलदाणी उचलून उलटी केली. मग दुसरी, तिसरी. दहावीला थांबल्या.

"यांची बुडं कोणी घासली?"

"मीच," भाऊजी फुशारून म्हणाले. "हाताची कामं ना, सगळ्या डुगडुगत होत्या. एकूण एक ग्राइंडरवर धरली. आता लेव्हल लावून बघा."

"तिथे त्या कुंभारणीची सही असते. कोरलेली."

"ते ओरखडे?"

मला हसू आवरेना. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि स्वतःचीच लाज वाटली. सहीशिवाय या तिच्याच कशावरून म्हणायच्या, असं बाईंनी हळू आवाजात सांगितलं.

तेवढ्यात ताईने आतून कालच आणलेली फुलदाणी आणली. ग्राइंडरपर्यंत न पोचलेली ती एकटीच होती. बाईंनी बूड पाहिलं आणि त्यांची कळी खुलली. "ही द्या. खाली देणाऱ्याचं नाव लावू." त्यांनी फॉर्म पुढे केला.

भाऊजींनी फुलदाणी टेबलावर ठेवली. ती डुलली. दोन बोटांनी दाबून पाहिली, पुन्हा डुलली.

"असलं काम माझ्या नावावर नाही जायचं," ते म्हणाले. "दहा मिनिटं द्या, सरळ करून देतो."

ताईने फुलदाणी त्यांच्या हातून काढून घेतली, बाईंच्या हवाली केली आणि फॉर्मवर स्वतः सही ठोकली.

संग्रहालयात आता ताईचं नाव आहे. भाऊजी दर रविवारी तिथे जातात आणि ही अजून डुगडुगते, असं पहारेकऱ्याला सांगून येतात.