अंगठा चंद्रीचाच

चंद्री बारवी धरणाच्या वाटेवरच्या वाडीत राहते. बदलापूरजवळ खरवई आणि सोनिवलीच्या नव्या इमारतींवर आम्ही बरोबर काम केले. मी गवंडी, ती विटा वाहायची. डोक्यावरची वीट तिने कधी टाकली नाही, वाकून ठेवली. टाकलेली वीट तडकते, हे तिला सांगावे लागले नाही.

तिचा नवरा बारकू परांचीवरून पडून मेला. भरपाई तिच्या खात्यात आली. कुडाच्या घराला विटांच्या भिंती करायच्या, एवढेच तिच्या मनात होते. भिंती मी बांधून देणार होतो.

बदलापुरात हेमंतचे दुकान आहे. तिथे मशीनवर अंगठा लावला की बँकेतले पैसे मिळतात. विटा वाहून चंद्रीच्या अंगठ्याच्या रेषा झिजल्या होत्या.

"मावशी, बोटं आहेत का विटा?" हेमंत हसायचा. "मशीन घेत नाही. परत लाव."

"विटाच हायत. त्यांच्यावरच तुजी बिल्डिंग हुबी हाय," असे म्हणून ती परत लावायची.

खरे तर मशीन दर वेळी घेत होते, दर अंगठ्याला खात्यातून पैसे निघत होते. हेमंत तिला एकाच अंगठ्याचे पैसे द्यायचा, बाकीचे स्वतः ठेवायचा. विटा आणायची वेळ आली तेव्हा खाते रिकामे निघाले.

बँकेने सांगितले, संगणकात सगळे ठसे चंद्रीचेच आहेत. हेमंत म्हणाला, सगळे हातात दिले. पावती तिला कधी मिळाली नव्हती. मी तिला उल्हासनगरला भूपेश वकिलांकडे नेले.

"आजी, लिहून द्या, हे अंगठे माझे नाहीत. मग बँकेला सिद्ध करावं लागेल."

"माजेच हायत ते."

"अहो, फक्त कागदावर."

"माज्या आंगठ्याला माजा नाय कसा बोलू? खोटं बोलून भिंती बांधू?"

"मग फसवणूक तुम्हाला सिद्ध करावी लागेल. कोणी पाहिलं?"

कोणीच पाहिले नव्हते. बाहेर आल्यावर मीही तिला समजावले, लिहून दे. ती मला मागे टाकून स्टेशनकडे चालू लागली. बँकेत तिने तक्रार दिली, तिथेही अंगठे आपलेच सांगितले. तक्रारीवर शेरा पडला: ठसे ग्राहकाने मान्य केले. तक्रार बंद.

गेल्या महिन्यात रेशनच्या दुकानात मी तिच्या मागे उभा होतो. दुकानदाराने हेमंतकडे होते तसलेच अंगठ्याचे मशीन पुढे केले. तिने हात पदराखाली घेतला.

"अंगठ्याशिवाय तांदूळ नाही, आजी."

"मंग ऱ्हाऊ दे."

ती रिकामी पिशवी घेऊन गेली. आता शेजारीण सखू तिला आपल्यातले तांदूळ देते. चंद्री ते फुकट घेत नाही, सखूचे पाणी भरते. विहीर खाली ओढ्याला आहे. वर येताना ती दोनदा बसते.