कणगीतलं संत्रं

घरात संत्र्याचं झाड लावणाऱ्या माणसाकडे गाव सरळ नजरेने पाहत नाही. हे मला विसाव्या वर्षी कळलं. लिहायला मात्र पन्नाशी उजाडली.

लढाईचे दिवस होते. भात सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत जायचं, त्यामुळे नेरळजवळच्या आमच्या गावात प्रत्येकाला वाटे, शेजाऱ्याने नक्की भात लपवलंय. अशा दिवसांत मी माथेरानच्या एका बंगल्याच्या माळ्याकडून संत्र्याचं रोप आणलं. "तुमच्याकडच्या पावसात कुजंल. घरातच ठेवा," तो म्हणाला.

आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा खालापूरला ताईकडे गेले होते. माजघरात खिडकीशी भाताची कणगी उभी होती. वाकून पाहिलं, तर आत नुसता पेंढा. मी वर माती भरली, रोप लावलं आणि बांबूच्या फटींतून माती गळू नये म्हणून कणगी बाहेरून शेणाने सारवली.

इथेच माशी शिंकली. आमच्याकडे कणगी सारवून ठेवतात ती भात भरल्यावर. शेजारचे गोविंदकाका दारातच थबकले.

"काय भरलं रं?"

"माती."

"मातीला कोन शेन लावतं?"

"संत्र्यासाठी हाय, काका."

"बरं बरं. आमी कुनाला सांगत नाय."

संध्याकाळपर्यंत विहिरीवर सगळ्यांना कळलं होतं. मग रोज कोणी विस्तव मागायला येई, कोणी ताक, आणि बोले माझ्याशी पण बघे कणगीकडे. मी चिडून रोपाला आणखी एक तांब्या पाणी घाली. (राग काढायला दुसरं होतं काय?) मलाही काकांचाच संशय येऊ लागला. आजकाल यांच्या गोठ्याला भरदिवसा कडी का?

आठवड्याने आबा परतले, ते पायही न धुता कणगीपाशी गेले.

"यात काय केलंस?"

"संत्रं लावलंय. बघा, फुटवा पन आलाय."

सारवण तडकून फटीफटीतून कोवळे कोंब डोकावत होते. आबांच्या मागोमाग गोविंदकाका आलेच होते. त्यांनी एक कोंब उपटून उजेडात धरला.

"संत्र्याला भाताचा दाना?"

आबांनी मातीत हात घातला. "पेंढ्याखाली बियानं होतं रं. येत्या पेरनीचं, सगळं."

मला ते सांगितलं नव्हतं, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि वैशाखात, शेतात पाण्याचा थेंब नसताना, रुजलेलं बी पेरणार कुठे?

काका तडक निघून गेले. मला वाटलं, आता गाव गोळा करणार. ते परतले डोक्यावर गोणी घेऊन. आत भाताचं बियाणं, कोरडं ठणठणीत. गोणीला गोवऱ्यांचा चुरा चिकटलेला.

"काका, हे कुठं होतं?"

"पेरायचंय का चौकशी करायचीय?"

आमची पेरणी झाली. संत्रं त्याआधीच कुजलं. माळी म्हणाला, "पावसानं बी एवढं पानी घातलं नसतं."

आबा पुढे खूप वर्षं जगले. दरवर्षी बियाणं कुठे ठेवलंय ते गोविंदकाकांना ठाऊक असे. मला नाही.