मोठी मरळ घरच्यांना

बायकोसोबत शेवटचं रोजचं काम केलं ते मरळ साफ करायचं. निसटू नये म्हणून मी मासा राखेत घोळवून धरला आणि ती विळीवर कापू लागली. तिचा हात लटलट कापत होता. म्हटलं, "दे इकडं."

"तुम्ही कापलं तर मांजराचंच पोट भरेल," ती म्हणाली. सून दारात हसली. तिला सहावा महिना.

आम्ही मूळचे तापीकाठचे. जन्म गेला राखोलीच्या कंपनीत माल उचलण्यात. काम सुटल्यावर रोज दमणगंगेवर गळ टाकायचो. कंपन्यांचा नाला नदीला मिळतो तिथं मरळ मोठी. पाण्याला वास यायचा, पण मासा कसा उड्या मारणारा! मग तो वाईट कसा? एवढीच माझी अक्कल.

आमच्यात आजाऱ्याला मरळ देतात, अंगात रक्त भरतं म्हणून. बायकोच्या बोटांना मुंग्या आल्या, मग हात कापू लागला, चालताना तोल जाऊ लागला. मी आणखी मोठी मरळ शोधू लागलो. बारके मासे मी खायचो, शेजारी वाटायचो. मोठी तिला. पुढं सुनेलाही, पोटुशी म्हणून. मुलाला माशाचा वासही चालत नाही.

ती मरळ कापली त्याच आठवड्यात बायको न्हाणीत पडली. दवाखान्यात नेलं, तिथं छाती कफानं भरली. डॉक्टरीणबाईंनी खाणंपिणं विचारलं, रक्त तपासायला बाहेर पाठवलं. कागद आला त्या सकाळी मला एकट्याला आत बोलावलं.

"रक्तात पारा आहे, काका. नदीतला पारा बारक्या माशात जातो. बारक्यांना मोठा खातो, सगळा त्याच्यात साठतो."

"त्यानंच झालं हे?"

"सगळं त्यानंच असं नाही सांगता येत. पण नदीचा मासा बंद. घरात अजून कोण खातं?"

बाहेर बाकावर सून डबा घेऊन बसली होती. म्हटलं, "कोणी नाही. मी आणि बायको."

का बोललो? लाज वाटली. दुसरं काही नाही.

दुपारी बायको गेली. संध्याकाळी जाळून आलो. सोयऱ्यांनी कडू घास भरवला, पिठलं-भाकरी. शेजारची म्हातारी सुनेला म्हणाली, "खा गं. सुतक फिटलं की आबा आणतील मरळ. लेकराला रक्त लागतं." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

सकाळी सुनेला म्हटलं, "चप्पल घाल. दवाखान्यात जायचं."

मुलगा म्हणाला, "आज? राख सावडायची आहे, आबा."

"राख कुठं पळत नाही." मग कागदाचं सगळं सांगितलं. तो ओरडला, "काल का नाही बोललात?"

सुनेनं एवढंच विचारलं, "आबा, किती खाल्लं की बाधतं?"

"मला नाही माहीत, पोरी."

तिघं रिक्षात बसलो. डॉक्टरीणबाईंसमोर मी उभाच राहिलो. म्हटलं, "काल मी खोटं बोललो. ही पण खाते. मीच खाऊ घातलं. हिचं रक्त घ्या."